एका सहीची गोष्ट : एल्ब्रिज गेरी

माणसाने आयुष्यभर देशासाठी झिजावं आणि लोकांनी त्याला लक्षात ठेवावं ते एका चुकीच्या सहीसाठी... एल्ब्रिज गेरीच्या नशिबी नेमकं हेच आलं. सत्तेतल्या पक्षाने आपल्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा वाकड्यातिकड्या आखल्या, की त्याला जेरीमँडरिंग म्हणतात. त्यातला जेरी तो हाच. खरा उच्चार गेरी, पण या शब्दाने बिचाऱ्याचं नावसुद्धा बिघडवलं!

गेरीचा जन्म १७ जुलै १७४४ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड या बंदराच्या गावी. वडील व्यापारी. सुकवलेले कॉड मासे परदेशी पाठवायचा घरचा धंदा. १७६२ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन तो याच धंद्यात शिरला, पण इंग्रजांविरुद्धच्या चळवळीने त्याला ओढून घेतलं. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियाला देशाची घटना लिहिली गेली. गेरी तिथेही होता, पण या घटनेवर त्याने सही केली नाही! इतर आक्षेप होतेच, शिवाय नागरिकांच्या हक्कांची सनद त्यात नव्हती. शेवटपर्यंत हजर राहून सही नाकारणारे फक्त तिघे, त्यातला हा एक. पुढे १७९१ मध्ये ती सनद घटनेत आलीच. सत्तेला लगाम हवा, हे त्याला इतकं पक्कं ठाऊक होतं.

आणि तरीही! १८१० मध्ये तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला. फेब्रुवारी १८१२ मध्ये त्याच्या पक्षाने राज्याच्या सिनेटसाठी मतदारसंघांचा नवा नकाशा मंजूर केला. गेरीला तो मनातून पटला नव्हता, असं त्याच्या जावयाने चरित्रात लिहून ठेवलंय. पण सही त्याने केली. त्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता, की बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नख्या काढून चक्क सॅलमँडर बनवला. गेरी अधिक सॅलमँडर... झाला शब्द तयार!

यामागचं गणित सोपं आहे. २५ मतदार, ५ मतदारसंघ, प्रत्येकी ५ मतं. आपल्याकडे फक्त १० मतं. तीन मतदारसंघांत ३-३ मतं ठेवा, चौथ्यात उरलेलं १. विरोधकांची ९ मतं शेवटच्या दोन मतदारसंघांत कोंबा. १० मतांत ५ पैकी ३ जागा खिशात! १८१२ च्या निवडणुकीत असंच झालं. जास्त मतं विरोधी फेडरलिस्ट पक्षाला, पण ४० पैकी २९ जागा गेरीच्या पक्षाला. गंमत म्हणजे गेरी स्वतः हरला. गव्हर्नरसाठी अख्खं राज्य हाच एक मतदारसंघ, तिथे रेघा कुठे मारणार? पुढे १८१३ मध्ये तो अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला आणि २३ नोव्हेंबर १८१४ रोजी पदावर असतानाच गेला. शब्द मात्र राहिला.

या रोगावर अमेरिकेतल्या काही राज्यांनी औषध काढलं : नकाशा आमदारांनी नाही, स्वतंत्र आयोगाने आखायचा. ॲरिझोनाने २००० मध्ये, कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये आणि मिशिगनने २०१८ मध्ये मतदान घेऊन हे ठरवलं. गुण येतो का? मिशिगनचं बघा. २०१८ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहासाठी डेमोक्रॅट्सना जास्त मतं मिळाली, बहुमत मात्र रिपब्लिकनांचं. २०२२ मध्ये आयोगाच्या नकाशावर जास्त मतं मिळवणाऱ्यालाच बहुमत मिळालं, तेही काठावरचं, ५६ विरुद्ध ५४. पण आयोग म्हणजे देव नव्हे. आयोगाच्याच नकाशांतले डेट्रॉइट भागातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून २०२३ मध्ये कोर्टाने रद्द केले. आणि २०२५ मध्ये टेक्सासने आपल्या पक्षाच्या सोयीचा नवा नकाशा काढला, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच काही वर्षांपुरता आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. समोरचा खेळ मोडत असताना आपण एकट्यानेच नियम का पाळायचा, हा त्यांचा सवाल. म्हणजे औषध लागू पडतं, पण सगळ्या राज्यांनी घेतलं तरच.

मित्रांनो, आपल्या ड्रॉइंग शीटवर रेघ चुकली तर खोडरबर असतं. मतदारसंघाची रेघ चुकली की हजारोंची मतं वाया जातात. गेरी वाईट माणूस नव्हता, आणि भीती वाटायला हवी ती याचीच. चांगल्या माणसाच्या हातूनही पक्षासाठी अशी सही होते. म्हणून ज्याला निवडून यायचंय, त्याच्या हातात ती पेन्सिल नकोच!