डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन



आपल्या भित्तिपत्रकाचा हा अंक थोर व्यक्तींचा आहे. शिवाजी महाराजांवर चौघांनी लिहिले आहे. सावित्रीबाईंवर तिघींनी लिहिले आहे. म्हणून बाईंनी मला वेगळी व्यक्ती घ्यायला सांगितली. मी हृदयाचे डॉक्टर घेतले. ते का घेतले, ते पुढे आत्याच्या गोष्टीत येईल.

डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ साली झाला. त्यांचे घराणे बंगाली. पण त्यांचे सगळे मोठे काम आपल्या मुंबईत झाले. परळला केईएम नावाचे मोठे रुग्णालय आहे. ते १९२६ साली सुरू झाले. त्याला लागूनच वैद्यकीय महाविद्यालय आहे. सेन तिथे शिकले आणि तिथेच शिकवू लागले. मध्ये शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते अमेरिकेला गेले. शिकून झाल्यावर ते परत आले.

आता हृदय म्हणजे काय ते सांगते. बाजारच्या दिवशी मटणाच्या दुकानात मी बकऱ्याचे हृदय पाहिले आहे. ते लहान असते. माणसाचे आपल्या मुठीएवढे असते. त्यात चार कप्पे असतात. कप्प्यांना झडपा असतात. आमच्या विहिरीवरच्या पंपाला खाली फुटव्हॉल्व्ह असतो ना, तो पाणी वर जाऊ देतो पण मागे येऊ देत नाही. हृदयातली झडप तसंच काम करते. फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की पाणी कमी चढतं. झडप चिकटून अरुंद झाली की रक्त कमी जातं, मागे तुंबतं, आणि माणसाला दम लागतो.

माझ्या आत्याचे असेच झाले होते. ती आमच्याएवढी असताना तिचा घसा सारखा दुखायचा. मग गुडघे सुजले. घरच्यांना वाटलं वाढीचं दुखणं असेल, आणि शेकलं की जाईल. गुडघे बरे झाले पण तो ताप हृदयाच्या झडपेवर गेला, हे कुणालाच कळलं नाही. लग्न झाल्यावर आत्याला हंडा घेऊन चढ चढवेना. रात्री उशाला दोन उश्या घेऊन बसून झोपायची. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि झडपेचा आवाज ऐकून लगेच ओळखलं.

जुन्या काळी अशा रोग्याला काहीच उपाय नव्हता. हृदयाला हात लावायला डॉक्टर घाबरत. १९५० नंतरच्या वर्षांत डॉक्टर सेन केईएममध्ये ही अरुंद झडप उघडू लागले. ते कसे करत ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. छाती उघडायची. हृदय धडधडत असतानाच त्याच्या वरच्या कप्प्याला लहान छेद घ्यायचा. त्यातून एक बोट आत घालायचे. आतले काही दिसत नाही. बोटाला लागेल त्यावरूनच झडप कुठे चिकटली ते ओळखायचे आणि ती मोकळी करायची. आणि हे सगळे झटपट, नाहीतर रक्त जाते. आता त्यासाठी बऱ्याचदा छाती उघडावी लागत नाही. आत्याच्या मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली. तिच्या टोकाला फुगा होता. तो फुगवून झडप उघडली. आत्या चालत घरी आली.

डॉक्टर सेन यांना नवीन विचार फार सुचत. त्यांनी सापाच्या हृदयाकडे लक्ष दिले. आपण साप दिसला की पळतो. आपल्या हृदयाच्या भिंतीला बाहेरच्या नळ्यांतून रक्त मिळते. त्या नळ्या बुजल्या की झटका येतो. पण सापाच्या हृदयाची भिंत आतून स्पंजासारखी असते. ती आतलेच रक्त शोषून घेते. मग आपल्या हृदयाला आतून बारीक वाटा केल्या तर? त्यांनी कुत्र्यांच्या हृदयात सुईने भोके पाडून पाहिली आणि १९६५ साली ते लिहून प्रसिद्ध केले. पुढे परदेशात सुईऐवजी लेसरच्या किरणाने तशी भोके करून पाहिली.

कुत्र्यांचे वाचून मला वाईट वाटले. आमच्याकडे मोती आहे. पण खोटं कशाला लिहू, माणसाचे हृदय बदलण्याआधी डॉक्टर सेन, डॉक्टर परुळकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कुत्र्यांवर तशा शस्त्रक्रिया केल्या. एकदोन नाही. शंभर प्रयोगांची माहिती त्यांनी १९६५ साली दिली. तेव्हा जगात कुणीही एका माणसाचे हृदय काढून दुसऱ्या माणसाला बसवलेले नव्हते.

ते पहिल्यांदा ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर बर्नार्ड यांनी केले. त्यांचा रोगी १८ दिवस जगला. मग अमेरिकेत दोन डॉक्टरांनी केले. त्यांच्यानंतर चौथे डॉक्टर सेन. ते तेव्हा ५२ वर्षांचे होते.

१९६८ सालच्या फेब्रुवारीतल्या १६ आणि १७ तारखेच्या मधली रात्र होती. केईएममध्ये एक २७ वर्षांचा तरुण होता. त्याचे हृदय पार थकले होते. त्याच रुग्णालयात रेल्वेच्या अपघातात डोक्याला मार लागलेली एक तरुणी होती. ती वाचली नाही. तिचे हृदय काढून त्या तरुणाला बसवले. नवे हृदय त्याच्या छातीत चालू झाले.

तो तीन तास जगला.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाली की माणूस गेला, मग यात काय सांगायचं. माझ्याही मनात तेच आले होते. मी दोन दिवस लिहिणेच थांबवले. मग मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारले, हृदय चांगलं होतं तर माणूस का गेला. त्यांनी सांगितले की त्या तरुणाच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब फार वाढलेला होता. नव्या हृदयाला तेवढ्या दाबाची सवय नव्हती. त्याला रक्त पुढे ढकलता येईना. हे मी बाबांना सांगितले. बाबांना एकदम पटले. नवा पंप आणला पण पाणी फार उंच चढवायचे असले तर तो पंप दमतो, त्यात पंपाचा दोष नसतो, असे ते बोलले.

डॉक्टर सेन यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसऱ्या रोग्याचे हृदय बदलले. तो १४ तास जगला. त्यानंतर त्यांनी पुन्हा केले नाही. दुसऱ्याचे हृदय शरीर आपले मानत नाही, त्याच्याशी भांडते. त्याला शांत करणारी चांगली औषधे तेव्हा नव्हती. जगात बहुतेक सगळ्यांनीच थांबवले.

सरकारने १९६९ साली त्यांना पद्मभूषण दिले. मला हे नंतर कळले. मला वाटायचे की बक्षीस पहिला नंबर आला तरच मिळते. डॉक्टर सेन १९८२ साली वारले.

मेंदू बंद पडलेल्या माणसाचे हृदय दुसऱ्याला देण्याचा कायदा आपल्या देशात १९९४ साली झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत डॉक्टर वेणुगोपाल यांनी हृदय बदलले आणि तो रोगी पुष्कळ वर्षे जगला. मध्ये २६ वर्षे गेली. डॉक्टर सेन यांना ते पाहायला मिळाले नाही.

आत्या दिवाळीला आली तेव्हा मी तिला हा लेख वाचून दाखवला. पहिला रोगी किती वेळ जगला, ते तिने परत विचारले. मी म्हणाले, तीन तास. मग दुसरा? चौदा. तिने बोटांवर मोजले. चौदा तास म्हंजे सकाळी पाणी भरायला उठल्यापासून ते रात्री भांडी घासून होईपर्यंत, असे ती म्हणाली. मग ती आजीकडे बघून बोलली की तिच्या झडपेत फुगा घालण्याआधी कुणाच्या तरी झडपेत बोट घातले होते, आणि त्याच्याही आधी कुणीतरी मेलं असेल. आजी काही बोलली नाही. तिने आत्याच्या ताटात अजून एक करंजी वाढली.

आत्या दर एकवीस दिवसांनी आरोग्य केंद्रात सुई घ्यायला जाते. ती सुई लई दुखते. ती घेतली की तो ताप परत येत नाही. पुढची सुई सोमवारी आहे. परवा माझा धाकटा भाऊ घसा दुखतो म्हणून शाळेत आला नाही. बाबांनी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले.

शेजारी हृदयाचे चित्र मी काढले आहे. निळ्या रंगाचे अशुद्ध रक्त आहे आणि लाल रंगाचे शुद्ध. बाण रक्त कुठे जाते ते दाखवतात. डावीकडची मोठ्या बाणाजवळची झडप आत्याची आहे. लाल रंग संपला म्हणून ती पेन्सिलीने काढली आहे.