सूर मद्याचा नव्हता

रेडिओ सिलोनवर रोज सकाळी जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम लागत असे आणि त्याची सांगता कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होत असे. महाराष्ट्रातील अनेक घरांतील सकाळची कामे त्या स्वराच्या साक्षीने उरकली जात. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांनी सैगल यांना पडद्यावर कधी पाहिलेही नव्हते. पण त्यांच्याविषयीची एक आख्यायिका मात्र सर्वांना ठाऊक होती. हा गायक मद्य घेतल्याविना गात नसे आणि त्याच्या आवाजातील व्याकुळता ही मद्याचीच देणगी होती, अशी ती आख्यायिका. तिचा पूर्वार्ध बव्हंशी खरा होता. उत्तरार्ध खोटा होता, आणि तो खोटा असल्याचे खुद्द सैगल यांना उमगले तेव्हा फार उशीर झाला होता.

सैगल यांचा जन्म ११ एप्रिल १९०४ रोजी जम्मू येथे झाला. वडील अमरचंद हे तेथील संस्थानच्या सेवेत तहसीलदार होते. आई धार्मिक वृत्तीची. भजन-कीर्तनाला जाताना ती मुलाला सोबत नेई. गाण्याचा पहिला संस्कार झाला तो तेथेच. रामलीलेत छोटा कुंदन सीतेची भूमिका करीत असे. रीतसर गुरू त्यांना लाभला नाही. वयात येताना आवाज फुटला तेव्हा ते खचून गेले होते, आणि जम्मूतील सलमान युसूफ या सूफी साधकाने त्यांना धीर देऊन नामस्मरण व रियाज यांचा मार्ग दाखविला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हा काळ ध्यानात ठेवला पाहिजे. ज्या स्वराने पुढे देशाला वेड लावले, तो मौन, श्रवण आणि एकांतातील मेहनत यांतून घडला. मद्याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

शिक्षण अर्धवट सोडून सैगल यांनी रेल्वेत टाइमकीपरची नोकरी केली, रेमिंग्टन कंपनीच्या टंकलेखन यंत्रांची फिरती विक्री केली. भटकत भटकत ते कोलकात्यास पोहोचले. बी. एन. सरकार यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली 'न्यू थिएटर्स' ही संस्था तेव्हा नवे कलावंत शोधीत होती. संगीतकार रायचंद बोराल यांनी हा आवाज हेरला. १९३२ मधील पहिले तीन चित्रपट फारसे चालले नाहीत. मात्र 'पूरन भगत'मधील (१९३३) भजनांनी लोकांचे लक्ष वेधले आणि 'चंडीदास'ने (१९३४) त्यांना नाव मिळवून दिले.

१९३५ साली प्रमथेशचंद्र बरुआ यांनी शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या कादंबरीवरून 'देवदास' काढला. बंगाली आवृत्तीत नायकाची भूमिका स्वतः बरुआंनी केली. हिंदीत ती सैगल यांच्याकडे आली. प्रेमभंगाचे दुःख मद्यात बुडवून प्रेयसीच्या दाराशी प्राण सोडणारा तो दुबळा नायक तरुण प्रेक्षकांच्या मनात घर करून बसला. त्याचा प्रभाव इतका होता, की त्याला उत्तर म्हणून व्ही. शांताराम यांनी 'प्रभात'मध्ये 'माणूस' (१९३९) निर्माण केला आणि प्रेमभंगानंतरही जगणे व कर्तव्य उरतेच, हे ठामपणे मांडले. प्रेक्षकांना मात्र सैगल आणि देवदास हे वेगळे वाटेनासे झाले. पुढे सैगल यांचे मद्यपान वाढत गेले, तेव्हा ते रोग म्हणून कुणाला खटकले नाही. दुःखी गायकाला ते शोभूनच दिसते, अशी लोकांची समजूत झाली.

वास्तविक या काळात सैगल यांनी जे काम केले ते विलक्षण शिस्तीचे होते. परभाषक असूनही ते बंगाली उत्तम शिकले. रवींद्रनाथांची गीते गाण्यास त्यांना खुद्द कवीची अनुमती मिळाली. 'स्ट्रीट सिंगर'च्या (१९३८) वेळी पार्श्वगायनाचे तंत्र रुळले होते, तरी वाजिद अली शाह यांची भैरवीतील ठुमरी त्यांनी रस्त्यावरून चालत, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायली. गालिबच्या गझला त्यांनी सामान्य रसिकांच्या ओठी आणल्या. मायक्रोफोनसमोर आवाज न चढवता, बोलल्यासारखे गाता येते, हे हिंदी चित्रपटगायकांना प्रथम त्यांनी शिकविले.

१९४१ च्या अखेरीस सैगल मुंबईस आले. दादरला चंदुलाल शहा यांच्या 'रणजित' स्टुडिओत त्यांनी 'भक्त सूरदास' (१९४२) आणि 'तानसेन' (१९४३) हे चित्रपट केले व दोन्ही गाजले. पण व्यसनाने आता त्यांच्यावर ताबा मिळविला होता. ध्वनिमुद्रणाआधी पेला हवाच, असा रिवाज पडला. हार्मोनियमवरील 'काळी पाच' या स्वरपट्टीचे नाव त्यांनी विनोदाने मद्याच्या पेल्याला दिले होते, अशी आठवण चित्रसृष्टीत सांगितली जाई. विनोद मोठा मार्मिक होता. परंतु गाण्याची पट्टी आणि मद्याचा पेला ही त्यांच्या मनात एकच गोष्ट होऊन बसली होती, हे त्यातून दिसते. भोवतालच्या मंडळींना गाणे हवे होते. पेल्याविना गाणे होणार नाही असे गायकच म्हणत असेल, तर त्याला अडविणार कोण?

अडविले ते एका तरुण संगीतकाराने. ए. आर. कारदार यांच्या 'शाहजहाँ'चे (१९४६) संगीत नौशाद यांच्याकडे होते. त्यांनी नंतर अनेकदा सांगितलेली हकीकत अशी : मन मोडलेल्या प्रियकराचे गीत ध्वनिमुद्रित करताना त्यांनी सैगल यांना एकदा मद्य न घेता गाण्याची गळ घातली. सैगल तसे गायले. मग नेहमीप्रमाणे पिऊन गायले. दोन्ही ध्वनिमुद्रणे त्यांना ऐकविली, तेव्हा त्यांनी स्वतःच जे अधिक सरस म्हणून निवडले, ते शुद्धीत गायलेले होते. हा तरुण आपल्याला आधी का भेटला नाही, अशी खंत त्यांनी बोलून दाखविली. मद्यावाचून गाता येत नाही, हा त्यांचा समज त्यांच्या स्वतःच्याच कानांनी खोटा ठरविला होता.

त्या शोधाचा उपयोग करून घेण्याइतके आयुष्य मात्र उरले नव्हते. यकृत खंगत गेले. सैगल आपल्या माणसांत, जालंधरला परतले आणि तेथेच १८ जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 'परवाना' हा त्यांचा अखेरचा चित्रपट त्यांच्या पश्चात पडद्यावर आला. लता मंगेशकर यांनी नव्याने घेतलेल्या रेडिओवर हीच बातमी ऐकली आणि तो रेडिओ दुकानात परत केला, ही आठवण त्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. सैगल यांच्याबरोबर गाण्याचे त्यांचे स्वप्न अपुरेच राहिले. मुकेश यांचे आरंभीचे गाणे तर सैगल यांचेच वाटावे असे होते, आणि किशोरकुमार त्यांना आयुष्यभर आदर्श मानीत राहिले.

सुमारे १५ वर्षांची कारकीर्द आणि १८५ च्या आसपास गाणी, एवढाच हा ठेवा आहे. पार्श्वगायनाचा सुवर्णकाळ त्यांच्या मृत्यूनंतर लगेचच सुरू झाला. नौशाद, अनिल विश्वास, सी. रामचंद्र, मदनमोहन यांच्या त्या काळातील चालींवर प्रौढ वयातील सैगल कसे गायले असते, हा प्रश्न रसिकाला अस्वस्थ करतो. कलावंताच्या व्यसनाभोवती काव्यमय वलय निर्माण करणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा. मद्याने सैगल यांना एकही सूर दिला नाही. जे सूर अजून यायचे होते, ते मात्र त्याने हिरावून नेले.