लंकेचे धर्मदूत जुझे वाझ

ज्या काळी गोव्याच्या बाजारात माणसे विकली जात होती, त्या काळी, म्हणजे इसवी सन १६७७ मध्ये, सासष्टीतील एका तरुण पाद्रींनी आपण होऊन दास्यपत्र लिहिले. ह्या पत्रान्वये त्यांनी स्वतःला मरिया मातेचा आजन्म दास म्हणून अर्पण केले. गुलाम म्हणजे काय, हे गोवेकरांस पुस्तकातून शिकावे लागत नव्हते; म्हणून ते पत्र निव्वळ भाविक अलंकार समजणे आम्हांस योग्य वाटत नाही. गुलामाला स्वतःचे घर नसते, मान नसतो, आणि जेथे धाडतील तेथे जावे लागते. लिहिणाऱ्याला हे सर्व ठाऊक होते.

हे पाद्री म्हणजे जुझे वाझ. त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आजोळी झाला. मूळ घराणे सांकवाळचे, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांपैकी. जुन्या गोव्यात उच्च शिक्षण घेऊन १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली होती, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना विशेष आवडते. पुढे १६८१ ते १६८४ अशी तीन वर्षे त्यांनी कानडा प्रांतात काढली. तेथे दोन धर्मसत्तांमध्ये अधिकाराचा तंटा माजला होता. त्यात न गुंतता त्यांनी लोकांची सेवा केली आणि ते परत आले.

त्या वेळी युरोपीय संन्यासी संघांत एतद्देशीय धर्मगुरूंना सहसा प्रवेश मिळत नसे. म्हणून काही गोमंतकीय पाद्रींनी जुन्या गोव्याच्या टेकडीवर आपले स्वतंत्र मंडळ उभारले. १६८५ मध्ये वाझ त्यात आले आणि लवकरच त्यांना प्रमुख करण्यात आले. मान चालून आला होता. परंतु त्यांचे चित्त सिंहलद्वीपाकडे लागले होते. १६५८ पर्यंत डचांनी (आपल्या बखरींतील वलंदेजांनी) तेथून पोर्तुगीजांना पार हुसकावले होते आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. सुमारे तीस वर्षे तेथील कॅथलिकांना धर्मगुरूचे दर्शन नव्हते.

१६८६ मध्ये वाझ प्रमुखपद सोडून निघाले. बरोबर जोआंव नावाचा एकच विश्वासू सेवक होता. पाद्रीचा झगा उतरवून त्यांनी हमालाचा वेष घेतला आणि १६८७ मध्ये तुतिकोरीनहून तारवात बसून, वादळवाऱ्यातून ते जाफन्यास पोचले. दहा वर्षांपूर्वी कागदावर जे लिहून दिले, ते आता अंगावर आले. ब्राह्मण घराण्यात जन्मलेले, विद्वान म्हणून गाजलेले हे गृहस्थ अनवाणी, फाटक्या वस्त्रांत दारोदार भीक मागू लागले. चरित्रकार सांगतात की, हगवणीने दोघेही मरणाच्या दारी असता संसर्गाच्या भयाने लोकांनी त्यांना दूर टाकले आणि कोणा एका बाईने पेज आणून पाजली म्हणून ते वाचले. भीक मागताना गळ्यात जपमाळ असे. ती पाहून ज्याचा चेहरा बदले तो आपला, ही त्यांची खूण. मग रात्री दारे लोटून घेऊन प्रार्थना चालत.

हे धैर्य कोठून आले, असा प्रश्न आम्ही स्वतःला अनेकदा विचारला आहे. वाझ स्वभावाने लढवय्ये नव्हते. वादात ते पडत नसत. आमच्या मते, ज्याला गमावण्यासारखे काही उरले नाही त्याला भीती दाखवणार कशाची? घर, मान, जीवित हे सर्व त्यांनी आधीच देवाच्या हवाली केले होते. डच शिपायांना हिरावून घ्यायला काही शिल्लकच नव्हते.

१६८९ च्या नाताळात जाफन्यात धरपकड झाली. वाझ निसटले आणि पुत्तळमला गेले. १६९२ मध्ये ते कँडीच्या स्वतंत्र राज्यात शिरले, तर एका फ्रेंच कॅल्व्हिनपंथीयाने राजाचे कान भरले की, हा पोर्तुगीजांचा हेर आहे. कैद झाली. कैदेत ते सिंहली शिकले आणि आवारातच खोपट बांधून त्यात त्यांनी वेदी मांडली! येथे एक सांगितलेच पाहिजे. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता. पण माणूस ओळखल्यावर त्याने वाझ यांना मोकळीक दिली, आणि डचांपासून त्यांना खरे अभय मिळाले ते ह्या बौद्ध राजाच्या छायेत. ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी हाकलावे आणि बौद्धाने आसरा द्यावा, हे विसरता येण्यासारखे नाही.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा व दरबार शहर सोडून गेले. रोग्यांना आप्तांनीच रानात नेऊन टाकले. तेव्हा वाझ आणि त्यांचे भाचे पाद्री जुझे कार्व्हाल्यू ह्यांनी झोपड्या उभारल्या, रोग्यांचे व्रण धुतले, त्यांना अन्न भरवले, मेलेल्यांना पुरले. रोगी ख्रिस्ती की बौद्ध, हे विचारले नाही.

गोव्याहून आणखी पाद्री येत गेले. १६०५ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १७०५ मध्ये, दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस आले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत ग्रंथरचना केली. आम्हां कोंकणी भाषिकांना येथे एक विसंगती बोचते: १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने एतद्देशीयांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकावी असा हुकूम काढला, आणि त्याच गोव्याचे पुत्र परमुलखात जाऊन तेथल्या लोकांच्या भाषा आदराने शिकत होते.

बिशपपद देऊ केले असता वाझ यांनी ते नाकारले. मायभूमी त्यांना पुन्हा दिसली नाही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. मात्र त्यांचे अवशेष सापडलेले नाहीत. कँडीत ज्या देवळात त्यांना पुरले, त्यातली ती जागा आज कोणाला नेमकी दाखवता येत नाही.