भास्कराचार्य

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्यें, सह्याद्रीलगतच्या विज्जलवीड ग्रामीं झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरु. छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचिला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. त्यांत १३५ ला १२ नें गुणावयाचें आहे. बाराचा पाढा विसरलेल्या विद्यार्थ्यानें हताश होऊं नये! ८ व ४ यांनीं वेगवेगळें गुणून बेरीज करावी. अथवा ३ नें गुणून आलेल्यास ४ नें गुणावें. किंवा वीसपटींतून आठपट वजा करावी. उत्तर १६२०च. शून्यानें भागून येणाऱ्या राशीस ते ‘खहर’ म्हणत. आजच्या अंकगणितांत मात्र असा भागाकार निरर्थक मानितात. वऱ्हाडाशेजारील खानदेशांत, चाळीसगांवजवळच्या पाटण येथें, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ नातू चांगदेव यांनीं मठ स्थापिला. तेथील शिलालेख इ. स. १२०७ चा आहे.