कादंबरीकार जोसेफ कॉन्रॅड

इंग्रजी वाङ्मयांत मानाचें स्थान मिळविणारा हा ग्रंथकार जन्मानें इंग्रज नव्हता, हें ऐकून आमच्या कांहीं वाचकांस नवल वाटेल. परकी भाषा कष्टानें शिकणाऱ्या आम्हां विद्यार्थ्यांस तर त्याचें चरित्र विशेष मननीय आहे.

कॉन्रॅडचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजीं, आज युक्रेनमध्यें असलेल्या बर्डिचेव्ह येथें एका पोलिश कुटुंबांत झाला. तो मुलूख त्या वेळीं रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. वडील कवि व देशभक्त होते. स्वातंत्र्याच्या खटपटीबद्दल सरकारनें त्यांस १८६२ सालीं हद्दपार केलें; पत्नी व चार वर्षांचा मुलगा त्यांच्यासमवेत गेले. १८६५ सालीं आई व १८६९ सालीं वडील निवर्तले. पोरक्या मुलाचा सांभाळ पुढें मामानें केला.

१८७४ सालीं तो मार्सेय बंदरीं जाऊन खलाशी बनला. इंग्रजी भाषा तो विशीच्या सुमारास शिकूं लागला. १८८४ सालीं नार्सिसस जहाजावर नोकरी धरून तो आपल्या मुंबई बंदरांतून निघाला होता. १८८६ सालीं त्यास कप्तानाची सनद मिळाली व तो ब्रिटिश प्रजाजन झाला.

१८९० सालीं एका बेल्जियन कंपनीच्या नोकरींत तो आफ्रिकेंतील कांगो नदीवर गेला. तो अफाट प्रदेश राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी मालकीचा होता. नांव मात्र स्वतंत्र राज्य! सुधारणेच्या नांवाखालीं तेथें हस्तिदंताची लूट व वेठबिगार चाले. हा अनुभव १८९९ सालीं त्याच्या हार्ट ऑफ डार्कनेस या कथेंत प्रकट झाला.

या कथेंत राज्यकर्त्यांच्या शब्दांची जणूं झडतीच घेतली आहे. ज्यांच्यावर तोफा डागावयाच्या ते शत्रु. ज्यांस साखळदंडांत जखडावयाचें ते गुन्हेगार. ज्यांचीं शिरें खांबांवर लावलीं ते बंडखोर. आणि राबून झाडाखालीं मरावयास पडलेले ते मदतनीस! एकदां नांव ठेवलें कीं अन्यायास न्यायाचें रूप येतें. ज्याच्या पित्यासच सरकारनें गुन्हेगार ठरविलें होतें, त्यास अशा शब्दांतील विष लवकर ओळखूं आलें असावें, असें आम्हांस वाटतें.

तथापि तोहि त्या विषापासून सर्वस्वीं मुक्त नव्हता. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनीं १९७५ सालीं एका व्याख्यानांत दाखवून दिलें कीं, या कथेंतील आफ्रिकन माणसांस जवळजवळ वाचाच नाहीं, आणि त्यांचें वर्णनहि हीनतादर्शक आहे. हा आक्षेप आम्हांस यथार्थ वाटतो. दुसऱ्यांचे शब्द तपासणाऱ्याचे स्वतःचे शब्द तपासावयाचे राहून गेले.

१९२४ सालीं देऊं केलेला सर हा किताब त्यानें नाकारला व त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं तो इंग्लंडांत निवर्तला. भाषा शिकतांना तिच्यांतील प्रत्येक नांव कोणी कोणास व कशासाठीं दिलें हें विचारण्याची संवय आम्हीं लावून घेतली, तर या चरित्राचें वाचन सार्थकीं लागेल.