पर्सी स्पेन्सर : मायक्रोवेव्हमागचा माणूस

वाङ्मय मंडळाच्या अंकात चरित्र म्हटलं की लेखक, कवी, समाजसुधारक आठवतात. या वेळी ओळख करून घेऊया एका कारागिराची. मोहगाव, सौंसर, पांढुर्णा भागात आता काही घरांत मायक्रोवेव्ह आहे. सकाळचं तुरीचं वरण रात्री त्यात गरम होतं. ही सोय ज्यांच्यामुळे झाली, त्या पर्सी स्पेन्सर यांचं शालेय शिक्षणही पुरं झालं नव्हतं.

१८९४ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, हाउलँड या छोट्या गावी त्यांचा जन्म झाला. दीड वर्षाचे असताना वडील गेले. आईने त्यांना नातलगांकडे सोपवलं. ज्यांनी सांभाळलं ते गृहस्थही पर्सी सात वर्षांचे असताना वारले. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि रिळांच्या गिरणीत काम सुरू झालं. पुढे जवळच्या कागद गिरणीत वीज येणार होती. विजेचं ज्ञान नसतानाही ते त्या कामावर गेले आणि करता करता शिकले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं. त्या जहाजावरच्या बिनतारी संदेशांच्या बातम्या वाचून ते नौदलात गेले. रात्रीच्या पहाऱ्यावर पुस्तकं उघडून गणित, भौतिकशास्त्र स्वतःच शिकले.

नंतर ते रेथिऑन कंपनीत लागले. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी लागे. ती बनवायची सोपी पद्धत त्यांनी शोधली आणि रोजचं उत्पादन शंभराच्या आतून २,६०० वर नेलं.

१९४५ मध्ये मॅग्नेट्रॉनजवळ उभं असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. तिथली ऊब इतरांनाही जाणवली होती, पण स्पेन्सर यांनी तिचा पिच्छा पुरवला. मक्याचे दाणे ठेवले, त्यांच्या लाह्या झाल्या. अंडं ठेवलं, ते फुटलं! त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चा पहिला ओव्हन जवळपास सहा फूट उंच आणि ३४० किलो वजनाचा होता. घरातल्या ओट्यावर मावणारा ओव्हन यायला १९६७ उजाडलं.

त्यांनी पाहिलं तेच आपल्या ताटातही घडतं. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात, त्यातून उष्णता निर्माण होते. पण त्या साधारण दोन-तीन सेंटीमीटरच आत शिरतात. म्हणून पातोडीचा रस्सा कडेला उकळतो नि मध्ये गारच राहतो. मध्येच एकदा ढवळायचा. ज्वारीच्या भाकरीतलं पाणी उडालं की ती कडक होते. ओल्या फडक्यात गुंडाळून थोडाच वेळ ठेवायची. स्टीलचा डबा आत ठेवायचा नाही. आणि सालीसकट अंडं? कोंडलेली वाफ काय करते, ते स्पेन्सर यांनी पाहिलंच होतं.

या शोधाबद्दल कंपनीने त्यांना नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दोन डॉलर दिले. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने या शाळा सुटलेल्या माणसाला मानद डॉक्टरेट दिली. १९७० मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्यातले कितीतरी जण घरचं काम सांभाळून शिकतात. काहींची मधली वर्षं वायाही गेलीत. त्यांनी हे चरित्र जरूर लक्षात ठेवावं. स्पेन्सर यांच्याकडे पदवी नव्हती; पण हे असं का झालं, हा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही.