दातांवरच्या थरातले जीव पाहणारे लेव्हेनहूक
हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी १६३२ साली जन्मलेले अँटनी व्हॅन लेव्हेनहूक हे कापडाचे व्यापारी. लॅटिन येत नव्हतं, कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. पण भिंगं स्वतः घासून बनवायचे. १६८३ मध्ये त्यांनी स्वतःच्याच दातांवरचा पांढरा थर खरवडून पाहिला, तर त्यात असंख्य जीव वळवळताना दिसले! लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यांनी तसं कळवलं. व्हिनेगरनं वरवरचे जीव मरत, थरात दडलेले वाचत, हेही त्यांनी टिपलं. जंतू चिकट थरात वस्ती करतात, रासायनिक खुणांनी एकमेकांशी ‘बोलतात’, आत खोलवर संथपणे जगतात आणि औषधाला सहज दाद देत नाहीत, हे उलगडायला पुढे जवळपास तीनशे वर्षं गेली. १७२३ साली, नव्वदी गाठून ते वारले. तो थर आजही नुसत्या चुळा भरून जात नाही; दात घासावेच लागतात.